प्रोस्टेटचा कर्करोग, शस्त्रक्रिया आणि देखरेख : धाराशिव परिसराच्या अनुभवातून

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून असलेल्या अक्रोडाएवढ्या ग्रंथीला वैद्यकात पुरःस्थ ग्रंथी आणि व्यवहारात प्रोस्टेट म्हणतात. या ग्रंथीचा कर्करोग प्रारंभिक अवस्थेत, म्हणजे ग्रंथीबाहेर पसरण्यापूर्वी सापडला, तर ग्रंथी काढून टाकावी की ठरावीक तपासण्या करीत रोगावर लक्ष ठेवावे, हा प्रश्न आज अनेक रुग्णांपुढे असला तरी तो फार जुना नाही. कारण रोग लवकर सापडण्याची सोय जिथे नाही तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही. धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेकडील गावांनी कर्करोगाच्या नोंदणीचे आणि पाठपुराव्याचे जे काम पाहिले, ते बहुतांशी स्त्रियांच्या रोगाविषयीचे होते. तरीही देखरेखीला कोणती व्यवस्था लागते, हे समजून घेण्यास त्याच्याइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

प्रोस्टेट संपूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया ह्यू हॅम्प्टन यंग यांनी 1904 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रूढ केली. रोग निघाला तरी लघवीवरचा ताबा जाणे आणि लैंगिक क्षमता नष्ट होणे ही तिची किंमत अनेकांना मोजावी लागे. 1982 मध्ये त्याच रुग्णालयात पॅट्रिक वॉल्श यांनी ग्रंथीलगतच्या नसा वाचवून शस्त्रक्रिया केली, तेव्हा ही किंमत कमी झाली, पण संपली नाही. दरम्यान, इतर कारणांनी मरण पावलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेटमधील लहान कर्करोग वारंवार आढळत असल्याने, या रोगाच्या अनेक गाठी आयुष्यभर उपद्रव न देता राहतात, हे वैद्यकाला ठाऊक झाले होते. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे रक्तातील प्रमाण मोजणारी तपासणी, अमेरिकेत 1994 मध्ये रोग शोधण्यासाठी मान्य झाल्यावर अशा गाठी मोठ्या संख्येने उघडकीस येऊ लागल्या, आणि शस्त्रक्रियेची गरज नसलेल्यांवरही शस्त्रक्रिया होते आहे की काय, ही शंका बळावली.

या शंकेतून सक्रिय देखरेखीची पद्धत आकाराला आली. टोरांटोचे लॉरेन्स क्लॉट्झ यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यापासून ती पद्धतशीरपणे राबवली. तिच्यात पीएसए ठरावीक अंतराने तपासतात, गरज पडेल तेव्हा सुईने ग्रंथीचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पेशींची मांडणी किती बिघडली आहे हे ग्लीसन श्रेणीने ठरवतात, आणि रोगाची चाल बदलल्याचे दिसताच शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार सुरू करतात. ब्रिटनमधील प्रोटेक्ट या अभ्यासात 1999 ते 2009 दरम्यान 1,643 पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागण्यात आले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे पंधरा वर्षांनंतर प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण देखरेख गटात 3.1 टक्के, शस्त्रक्रिया गटात 2.2 टक्के आणि किरणोपचार गटात 2.9 टक्के होते, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. मात्र रोग शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण देखरेख गटात 9.4 टक्के, म्हणजे शस्त्रक्रिया गटातील 4.7 टक्क्यांच्या दुप्पट होते, आणि देखरेख गटातील बहुसंख्य पुरुषांनी पुढे केव्हा ना केव्हा उपचार घेतलेच. देखरेखीचा लाभ ज्यांना मिळाला, त्यांच्यामागे पंधरा वर्षे संपर्कात राहणारी यंत्रणा उभी होती, हे या आकड्यांमागचे वास्तव आहे.

अशा यंत्रणेची ग्रामीण महाराष्ट्रातील सुरुवात धाराशिवच्या सीमेवर झाली. हैदराबाद राज्यातून 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आलेल्या या जिल्ह्याचा पश्चिम भाग बाजारपेठ व दळणवळण यांसाठी सोलापूर जिल्ह्यातील बार्शीकडे पाहत आला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधारे आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने 1987 मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शीबरोबर धाराशिवमधील परांडा आणि भूम हे तालुकेही होते. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते, परंतु येथील बहुतेक आजारी माणसे रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसल्याने क्षेत्रकर्मचारी गावोगाव फिरत, ग्रामस्थांच्या सभांत धोक्याची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना बार्शीला आणत. नोंद ठेवण्यासाठी सुरू झालेल्या या फिरतीचा परिणाम उपचारांवरही झाला: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दाखल होऊ लागल्याचे डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिले.

या पायावर 1999 मध्ये धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी सुरू झाली. तिच्यात गावांच्या 52 समूहांतील 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांचे एचपीव्ही विषाणूची तपासणी, पेशीतपासणी, आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी आणि नेहमीची आरोग्यसेवा असे चार गट करण्यात आले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, एचपीव्ही गटात या रोगाने 34, तर तपासणी न झालेल्या गटात 64 मृत्यू नोंदले गेले. ज्या गटाची तपासणी झाली नाही त्याच्याविषयी पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि त्यांनी एक मूलभूत भेद अधोरेखित केला: माणसाला माहिती देऊन, त्याच्या संमतीने रोगावर लक्ष ठेवणे आणि केवळ आकड्यांसाठी त्याच्याकडे पाहत राहणे या भिन्न गोष्टी आहेत.

गर्भाशयमुखाच्या बाबतीत मात्र निवड सोपी होती, कारण कर्करोगपूर्व बदल गोठवून किंवा लहानशा शस्त्रक्रियेने काढता येतात आणि त्याची शारीरिक किंमत अल्प असते. प्रोस्टेटमध्ये तसे नाही. बार्शीच्या ग्रामीण नोंदीत या रोगाचे प्रमाण दिल्ली-मुंबईच्या तुलनेत कमी दिसते. त्यामागे रोग खरोखरच कमी असणे हे एक कारण असू शकते, तसेच तपासण्या कमी होणे हेही असू शकते. लघवी अडकली की नळी घालून घेण्यासाठी दवाखाना गाठायचा आणि बाकीचा त्रास वयाचा समजायचा, ही रीत असेल तिथे कर्करोग पुष्कळदा हाडांपर्यंत पोहोचल्यावर ओळखला जातो, आणि तेव्हा शस्त्रक्रिया की देखरेख हा प्रश्नच उरत नाही.

ज्यांचा रोग लवकर सापडतो त्यांच्यासाठी निर्णयाचे निकष स्पष्ट आहेत: ग्लीसन श्रेणी खालची, पीएसए कमी, किंवा वय जास्त आणि इतर आजार गंभीर असतील तर देखरेख योग्य, श्रेणी वरची आणि आयुर्मानाची अपेक्षा दीर्घ असेल तर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचारांचा विचार आवश्यक. धाराशिवसारख्या जिल्ह्यात या निकषांत आणखी एकाची भर घालावी लागते, ती म्हणजे पुढील दहा-पंधरा वर्षे रुग्णाला तपासणीसाठी परत बोलावणारी आणि तो आला नाही तर त्याच्या गावी जाणारी यंत्रणा आहे की नाही. अशी यंत्रणा नसताना सुचवलेली देखरेख ही प्रत्यक्षात उपेक्षा ठरते. परांडा आणि भूम तालुक्यांतील गावांत स्त्रियांच्या रोगासाठी ही फिरती यंत्रणा उभी राहू शकली, त्यामुळे ती पुरुषांच्या रोगासाठी उभारणे अशक्य आहे असे म्हणता येत नाही.