सुकडी आणि शुगर

आमच्या वाळूजच्या घरात बहात्तरचा दुष्काळ मिलोवरून सांगितला जातो. मिलो म्हणजे रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी. "भाकर थापावी तर हातातच तुटायची," आजी सांगायची. वडील तेव्हा तिच्या पोटात. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथं मिळेल ती सुकडी खायची. रात्री आधी पोरं, मग गडीमाणसं, उरलं तर आपण. गाय चाऱ्यावाचून विकलेली. त्यात सासूची ताकीद, पोटुशीनं हात राखून खावं, लेकरू मोठं झालं तर बाळंतपण जड जातं.

वडील मुठीएवढे जन्मले. पुढं वाळूजच्या एमआयडीसीत नोकरी लागली, पोटभर जेवण आलं आणि चाळिशीत शुगर निघाली. हातपाय काटकुळे, पोट तेवढं सुटलेलं. आजीला पटेना. "आपल्या घरात साखर होती कधी?"

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि लेकरं अभ्यासत आले आहेत. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं, इंग्लंडातल्यांचं 3.5. पण आपल्या बाळांत कमी पडलं ते मांस. चरबी त्या मानानं राखलेली. पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं भरदार निघाली, अतिकष्ट करणाऱ्यांची बारकी. आजीची खडी इथं हिशेबात येते.

उपासमारीनं जनुकं बदलत नाहीत. त्यांच्यावर मिथिल गटांच्या खुणा असतात आणि कोणतं जनुक किती काम करील हे काही अंशी त्या ठरवतात. या खुणांसाठीचा माल जुळवायला फोलेट आणि बी-12 लागतं. बी-12 मिळतं दूध, अंडी, मांसातून. हॉलंडच्या 1944-45 च्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका वाढीच्या जनुकावर साठ वर्षांनंतरही या खुणा कमी आढळल्या.

तरी वडिलांची शुगर एकट्या बहात्तरच्या माथी मारणं मला पटत नाही. पाळ्यांची ड्यूटी, कॅन्टीनचा गोड चहा यांचाही त्यात वाटा असणार. त्याहून खटकतो तो आयांना विचारला जाणारा जाब. आजीच्या ताटाचा निर्णय आजीच्या हातात नव्हताच.

पुण्याजवळच्या त्याच खेड्यांतल्या, तोवर किशोरवयात आलेल्या त्या मुलांना 2012 पासून बी-12 द्यायला सुरुवात झाली, पुढची पिढी पोटात येण्याच्या कितीतरी आधी. मुलींच्या बरोबरीनं मुलगेही गोळ्या घेत होते.