लिपिड कला, कृत्रिम

तंत्रिका कोशिकेच्या कलेतील विद्युत् घडामोडींचे प्रतिरूप म्हणून प्रयोगशाळेत तयार केलेले, दोन रेणूंएवढ्या जाडीचे लिपिडाचे पटल. लिपिड रेणूचे एक टोक जलस्नेही व शेपटीकडील भाग जलविरोधी असतो. म्हणून पाण्यात हे रेणू शेपट्या आत वळवून आपोआप द्विस्तर बनवितात.

ऐतिहासिक आढावा : ई. गॉर्टर व एफ. ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये रक्तातील तांबड्या कोशिकांची लिपिडे पाण्यावर पसरून द्विस्तराची कल्पना मांडली. ए. एल. हॉजकिन व ए. एफ. हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्यावरील प्रयोगांवरून तंत्रिका आवेग हा कलेतून सोडियम व पोटॅशियम आयनांच्या होणाऱ्या वहनामुळे निर्माण होतो, असे दाखविले. तथापि आयनांना वाट कोण देते आणि उत्तेजनशीलतेसाठी जिवंत कोशिकाच आवश्यक आहे काय, हे प्रश्न अनिर्णित राहिले.

पी. म्यूलर, डी. ओ. रूडिन, एच. टी. टिएन व डब्ल्यू. सी. वेस्कॉट यांनी १९६२ मध्ये फिलाडेल्फिया येथे गुरांच्या मेंदूतील लिपिडांचा विद्राव मिठाच्या पाण्यात बुडविलेल्या पडद्याच्या बारीक छिद्रावर कुंचल्याने लावला. पटल पातळ होताना साबणाच्या फुग्याप्रमाणे प्रथम रंग दिसत व शेवटी ते काळे पडे. कारण दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तित झालेला प्रकाश परस्परांस नष्ट करतो. शुद्ध पटल जवळजवळ विद्युत् निरोधक होते. परंतु सूक्ष्मजंतूंपासून मिळविलेले एक द्रव्य मिसळताच त्याचा रोध घटला व वर्चसानुसार बदलू लागला. १९६८ मध्ये म्यूलर व रूडिन यांनी ॲलॅमेथिसिन हे कवकजन्य पेप्टाइड व प्रोटामीन वापरून आवेगासारखे स्पंद मिळविले. कोशिकेवाचूनही उत्तेजनशीलता संभवते, हे यावरून स्पष्ट झाले.

एस. बी. ह्लाडकी व डी. ए. हेडन यांना १९७० मध्ये ग्रॅमिसिडीन मिसळलेल्या पटलात प्रवाह पायऱ्यापायऱ्यांनी बदलताना आढळला. प्रत्येक पायरी म्हणजे एकेका मार्गाचे उघडणे वा मिटणे होय. अशा एका मार्गातून दर सेकंदास लक्षावधी आयन जातात. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी पद्मनाभन बलराम यांनी आर. नागराज यांच्यासह बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ॲलॅमेथिसिनाच्या मार्गरचनेचा अभ्यास केला (१९८१).

मर्यादा : वरील पेप्टाइडे तंत्रिकेत नसतात, त्यांच्यावरून यंत्रणेची शक्यता कळते, पुरावा मिळत नाही. ई. नेहर व बी. साकमान यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायूच्या कलेत तशाच पायऱ्या नोंदविल्या (नोबेल पारितोषिक १९९१). १९८५ मध्ये उंदराच्या मेंदूतील शुद्ध केलेले सोडियम मार्गाचे प्रथिन कृत्रिम पटलात बसविले असता ते वर्चसानुसार कार्य करू लागले. अशा रीतीने प्रतिरूप व मूळ यांतील अंतर बरेच मिटले.