तळटीप : निजण्यापूर्वीचे चौथे स्तोत्र

१२. 'निजण्यापूर्वीचे चौथे स्तोत्र' : बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहितेचे चौथे स्तोत्र. आठच ओव्यांचे हे स्तोत्र तंतुवाद्यांच्या साथीने गायचे, अशी सूचना त्याच्या शीर्षकातच आहे. आधीच्या तिसऱ्या स्तोत्राचे शीर्षक दावीद राजा पुत्र अबशालोम याच्यापासून पळाला त्या प्रसंगाचे आहे. डोके झाकून, अनवाणी, रडत जैतुनांचा डोंगर चढणारा हा राजा २ शमुवेलच्या १५व्या अध्यायात भेटतो. त्याच संकटात आपण आडवे झालो आणि झोपी गेलो, असे तिसऱ्या स्तोत्रात तो सांगतो. म्हणून ही दोन्ही स्तोत्रे परंपरेने जोडीने वाचली जातात : तिसरे सकाळचे, चौथे रात्रीचे.

चौथ्या स्तोत्राचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी गाऱ्हाणे, मग अंथरुणावर पडून स्वतःच्या मनाशी बोलणे आणि गप्प राहणे, पुढे देवावर भरवसा आणि शेवटी झोप. शत्रू हटल्याचा उल्लेख कुठेच नाही. संकट उशाशी असतानाच मन निवते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांच्या नियमावलीत ४, ९१ व १३४ ही स्तोत्रे रोजच्या शेवटच्या प्रार्थनेसाठी नेमून दिली.

वाचकांनी हे स्तोत्र झोपेचा मंत्र म्हणून घाईने पुटपुटू नये; चौथ्या ओवीपाशी थांबावे, दिवसभराचा राग तिथेच उतरवावा आणि मगच आठवीकडे वळावे. — संपा.