फंडाचा गिलावा

मंगळुरी कौल पालथं केलं की त्याच्या पोटावर अक्षरं दिसतात. आमच्या घरावरच्या बहुतेक कौलांवर इंग्रजीत 'बासेल मिशन टाइल वर्क्स' असं आहे आणि सोबत १८६५. त्यावरून आमचं घर १८६५चं, असं वाडीतली माणसं दोन पिढ्या छातीठोकपणे सांगत आली. ते साल घराचं नाही आणि कौलाचंही नाही. बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्याचं ते साल. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि पुढे हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे आमची कौलं भाजली गेली ती त्याच्या आधी. एवढं पुस्तकांतून कळतं. ती आमच्या छपरावर कधी आणि कशी चढली, हे सांगायला मोठी काकी लागली.

गाव राजापूर तालुक्यातलं. मे २०२१च्या तौक्ते वादळात घराचं समुद्राकडचं पाख उघडं पडलं. एक फांदी ओटीवर आली, वासे मोडले, आणि त्या पावसाळ्यात माजघरावर निळी ताडपत्री होती. घर सामायिक. विरार, नालासोपारा, पुणे आणि डोंबिवली अशा चार बिऱ्हाडांचं. डोंबिवलीचा वाटा माझ्या वडिलांचा. ते गेले, आणि मला भाऊ नाही. चुलतभावांचं म्हणणं होतं की कौलं काढून पत्रे घालू, एकदाची कटकट मिटेल. त्यांचं चुकत नव्हतं. गावात बारमाही राहणारी एकटी काकी, कौलं परतायला वर चढणारं माणूस आता मिळत नाही, आणि माकडं तर वर्षाकाठी शेकडो कौलं फोडतात. मी म्हटलं, छपराचं माझ्यावर सोपवा. पैसे वाटून घालू, देखरेख मी करते.

देखरेख म्हणजे काय, हे कोकणातलं घर ज्यांनी शहरातून दुरुस्त केलंय त्यांना सांगायला नको. छप्पर उघडायचं ते शिमगा झाल्यावर आणि मिटवायचं मृगाच्या आत. त्याच दिवसांत माझ्या ऑफिसात मार्चअखेर, आणि त्या वर्षी मुलगा दहावीला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशनही तेव्हाच ठरलं. शुक्रवारी रात्री तुतारी पकडायची, सकाळी राजापूर रोडला उतरायचं, रविवारी रात्री परतीची गाडी आणि सोमवारी थेट कामावर. घर नवऱ्याने सांभाळलं. सासूबाईंनी तर जाताना दर वेळी डब्यात काकीसाठी काहीतरी घालून दिलं. 'माहेरचं घर आहे, उघडं ठेवू नकोस,' एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचं माहेरचं घर धरणात गेलेलं आहे.

सुतार कौलं उतरवायचे, मी आणि काकी खळ्यात बसून धडकी आणि फुटकी वेगळी करायचो. नव्वदीच्या घरातली काकी एकेक कौल बोटाने वाजवून बघे. बद्द आवाज आला की बाजूला. असं वाजवतानाच तिने सांगितलं.

"बाय, ही कौलं आपली नाहीत. खोताची."

काकी लग्न होऊन आली तेव्हा घर गवताने शाकारलेलं होतं. खोती कायद्याने नुकतीच गेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि पुढच्या वर्षी कोकणातली कुळं कौन्सिल हॉलवर मोर्चाने चालून गेली. कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडलं. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या गावच्या खोताची मंडळी मुंबईला गेली आणि पडका वाडा उतरवून लाकूड, कौलं विकायला काढली. काकीच्या सासऱ्यांनी गिरणीच्या पगारातून साठवलेले पैसे पाठवले आणि कौलं घेतली.

ती घाटी उतरून कुणी आणली? बायकांनी. डोक्यावर चुंबळ, त्यावर कौलांची चळत, अशा दिवसभर खेपा. नवी सून काकी त्यात होती. तिची आजेसासू तेव्हा जिवंत होती. ती ओटीवर बसून येणारी प्रत्येक चळत हाताने चाचपत होती, असं काकी सांगते. कारण ही कौलं तिला माहीत होती. दर वैशाखात खोताचा वाडा चाळायला आमच्या घरचा पुरुष वेठीला जायचा, आणि खाली उभं राहून कौलं हातोहात वर द्यायला ती. मजुरी नाही, भाकरीही घरून न्यायची. स्वतःच्या घरावर गवत घालायला मग मृग डोक्यावर आलेला असे.

ही गोष्ट मी साठ वर्षांच्या चुलतभावालाही विचारली. त्याला ठाऊक नव्हती. आमच्या घरात पुरुषांच्या गोष्टी मुंबईच्या असतात: लालबागची खोली, गिरणीचा भोंगा, खानावळीतलं जेवण. घराच्या गोष्टी सासवांकडून सुनांकडे आल्या. मी मुलगी असूनही मला त्या मिळाल्या, त्या खळ्यात बसून कौलं निवडली म्हणून. कौलं ठेवायची की पत्रे घालायचे, हा वाद त्या दुपारी संपला. ही हकिकत मी फोनवर सगळ्यांना सांगितली, आणि पत्र्यांवर अडून बसलेला नालासोपाऱ्याचा भाऊ पुढच्याच आठवड्यात ऐनाच्या वाशांचे पैसे पाठवून मोकळा झाला.

छप्पर निघाल्यावर भिंती उजेडात आल्या. माजघराच्या भिंतीत वरपासून कोनाड्यापर्यंत एक तिरपी रेघ होती, चिऱ्याच्या कपच्या आणि माती ठासून भरलेली. ती कोयनेच्या भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाट व्हायची होती. काकीने आधी मुलं खळ्यात नेली आणि मग गोठ्यातली जनावरं सोडली. काका मुंबईला. त्यांना पत्र गेलं, उत्तर आलं, मनीऑर्डर आली. तोवर काकीने आणि जावेने भेग बुजवूनही टाकली होती. गवंड्याने ती ठोकून पाहिली आणि म्हणाला, हिला हात लावायची गरज नाही.

त्याने हात लावायचा ठरवला तो सिमेंटच्या गिलाव्याला, आणि तिथे मात्र आमचं काम अडलं.

आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीत रचलेल्या. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात जोत्यातून पाणी ओढून घेतो आणि ऊन पडलं की सोडून देतो. जुन्या माणसांनी त्यावर माती लिंपली होती किंवा चुना काढला होता, त्यातून ओल निघून जाई. सिमेंटने ही वाट बंद होते. पाणी आत कोंडतं, वर चढतं, भिंतीवर क्षार फुलतात, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, आणि ओल वाशांच्या टोकांपर्यंत पोचली की वाळवी आलीच. कोकणात गेल्या चाळीस वर्षांत किती घरं या गिलाव्याने आतून कुजली असतील! गवंडी म्हणाला, सगळा खरवडून काढू. मी हो म्हणणार तेवढ्यात काकी काठी टेकत आत आली.

"तो तुझ्या काकाच्या फंडाचा गिलावा आहे."

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. काका फेब्रुवारीत गावी आले ते 'महिन्याभरात मिटेल' म्हणून. लालबागच्या गावकीच्या खोलीत, जिथे माणसागणिक एक ट्रंक आणि पाळीपाळीने झोपायला जागा, तिथली आपली ट्रंक ते तशीच ठेवून आले होते. त्या वर्षी लग्नानंतर पहिल्यांदा काका लावणीला घरी होते. एरवी शिमगा आणि गणपती, एवढाच त्यांचा मुक्काम. धाकटा मुलगा लहानपणी त्यांना पाहुणा समजून तांब्या नेऊन द्यायचा. लावणीत त्यांना चिखलात वाकता येईना. गिरणीत तीस वर्षं उभ्याने काम केलेलं शरीर ते. काकी म्हणते, "मी त्याला आवा धरायला शिकवला नाही. म्हटलं, तू बांधावर बस, रेडिओ ऐक." संध्याकाळच्या बातम्यांत संपाचं काही लागतं का, याची ते वाट बघत बसायचे.

गिरणी पुन्हा लागली नाही. पुढे कधीतरी फंडाचे पैसे हातात आले. ट्रंक कुणीतरी गावी आणून दिली. त्या पैशांत काकांनी एक मुलगी उजवली आणि उरलेल्यात सिमेंटच्या गोणी आणल्या. मुंबईत त्यांनी सिमेंटच्याच भिंती पाहिल्या होत्या, पक्कं घर म्हणजे ते. गवंड्याच्या हाताखाली स्वतः माल कालवला. काकी म्हणते, संपानंतर तो माणूस पहिल्यांदा हसला तो भिंतीवर थापी फिरवताना.

आता हे समजल्यावर त्यावर छिन्नी कशी चालवायची? आणि न चालवावी तर भिंत आतून जाणार, हेही खरं. माझी रविवारची गाडी होती. मी गवंड्याला थांबायला सांगून परतले. त्या आठवड्यात मुलाचा गणिताचा पेपर होता. त्याच्या शेजारी बसूनही माझ्या डोक्यात ती भिंत होती, आणि हे त्याला कळत होतं. 'काकीआजीलाच विचार ना,' असं तो म्हणाला आणि पुन्हा पुस्तकात शिरला.

विचारलं. काकीने सगळ्या खोल्यांतून फिरून भिंती हाताने तपासल्या. जिथवर ओल होती तिथवर कोळशाने स्वतः रेघ मारली, कुठे गुडघ्याएवढी, न्हाणीजवळ खांद्याएवढी. "याच्या खालचा काढा. वरचा काय बिघडवतोय?" गवंड्याने थोडा विचार केला आणि मान्य केलं. खालचा गिलावा उतरवून तिथे चुन्याचं काम केलं. वरचा काकांच्या हातचा, थापीच्या ओबडधोबड फेऱ्यांसकट, राहिला आहे. जोडाची रेघ दिसते. ती दिसू द्यावी असं मला वाटतं, चुलतभावांनीही हरकत घेतली नाही.

मृगाच्या चार दिवस आधी छप्पर मिटलं. फुटलेल्या कौलांच्या जागी राजापुरातून जुनी बघून आणली. गणपतीला चारही बिऱ्हाडं आली आणि आरती झाल्यावर वडीलभावाने ग्रामपंचायतीत द्यायचा अर्ज सगळ्यांपुढे वाचला. घराच्या उताऱ्यावर वडिलांच्या जागी माझं नाव लावायचा. त्यावर चौघांच्या सह्या झाल्या.

स्वयंपाकघर मात्र अजून राहिलं आहे. शहरातून येणाऱ्या आम्हा लोकांना ते फार आवडतं: काळवंडलेली तुळई, खाली वैल असलेली चूल, भिंतीतला एकच झरोका. मी ते जसंच्या तसं ठेवायचं ठरवलं होतं. काकीने ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की त्या झरोक्याखाली तिच्या सासूचे डोळे धुराने गेले आणि तिचेही निम्मे गेले. तिला पूर्वेला खिडकी हवी, बाहेर हात काढता येईल एवढी, जिच्यातून शेत दिसेल. तिने जागाही दाखवली. तिथले चिरे हाताने घडवलेले, टाकीच्या खुणा असलेले, घरातले सगळ्यात जुने आहेत. गवंड्याला मी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. ते चिरे तो एकेक करून सोडवणार आहे, आणि ते मागीलदारी काकीला बसायला कट्ट्यात घालायचे.