देवळालीचे कापरेकर आणि एकाच उत्तराची अनेक रूपे

१/५
संगणक उत्तरे शोधतो, तेव्हा एकच उत्तर केवळ क्रम बदलून पुन्हा पुन्हा समोर येते. कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंगमध्ये त्यावरचा एक उपाय म्हणजे क्रमाची अट. तिचे मर्म नाशिकजवळच्या देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या १९४९ च्या शोधात दिसते.

२/५
चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करा. हीच कृती पुन्हा करत राहा.
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
अशी प्रत्येक संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ गाठते.

३/५
हे पडताळायचे, तर ०००१ ते ९९९८ मधील ९,९९० संख्या तपासाव्या लागतील. परंतु ३५२४ आणि ४२५३ यांची उतरती मांडणी एकच. अ ≥ ब ≥ क ≥ ड ही अट घातली, की ७०५ उरतात.

४/५
वजाबाकी नेहमी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) एवढीच येते. या दोन फरकांच्या जोड्या अवघ्या ५४! पुनरुक्ती गळाली, उत्तर एकही हरवले नाही. अटीची खरी कसोटी हीच.

५/५
कापरेकरांनी १९३० ते १९६२ देवळालीत अध्यापन केले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखाने त्यांचे नाव जगभर पोहोचवले.