बोर्डावर लिहिलंय 'कच्च्या खेळाडूंनी येऊ नये', तरी लोक रात्रभर गाडीत झोपून नंबर लावतात : गोल्फची भांडणं आणि सरकारी मैदानांची गोष्ट

गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीत जाऊन 'इथं खेळ कुठला चालतो' असं विचारलं, तर कुस्ती, कबड्डी, क्रिकेट अशी उत्तरं मिळतील. तालुक्याचं गाव गडहिंग्लज तर फुटबॉलसाठी वेडं आहे. गोल्फचं नाव मात्र कुणी घेणार नाही. गोल्फ म्हणजे पांढरी पँट, बॅटरीवर चालणारी छोटी गाडी आणि साहेब लोक, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

पण गेल्या काही वर्षांत हा खेळ नेसरीच्या पोरांच्या मोबाईलवरही यायला लागलाय, आणि तो खेळामुळे कमी, भांडणांमुळे जास्त. कधी सौदीचा पैसा, कधी खेळाडूंवर बंदी, कधी प्रेक्षकांच्या शिव्या. ही भांडणं नक्की कशावरून आहेत? आणि 'सरकारी गोल्फ कोर्स' नावाचा प्रकार खरंच असतो का? सगळं एकेक करून बघू.

आधी खेळ समजून घेऊ

गोल्फच्या मैदानाला कोर्स म्हणतात. पूर्ण कोर्सवर १८ होल असतात. प्रत्येक होलची सुरुवात जिथून होते ती जागा म्हणजे टी, आणि जिथं बारीक कापलेल्या गवतात खड्डा असतो ते ग्रीन. मधल्या वाटेवर वाढलेलं गवत, वाळूचे खड्डे, झाडं, पाणी असे अडथळे असतात.

चांगल्या खेळाडूनं एखादा होल किती फटक्यांत संपवावा, याचा आकडा ठरलेला असतो. त्याला पार म्हणतात. तो बहुतेक तीन, चार किंवा पाच असतो. एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. शेवटी ज्याचे फटके सगळ्यात कमी, तो जिंकला.

आणखी एक शब्द म्हणजे हँडिकॅप. गल्ली क्रिकेटमध्ये लहान पोराला 'कच्चा लिंबू' म्हणून सवलत देतात ना, तसंच हे. खेळाडू जितका कच्चा, तितके जास्त फटके त्याला माफ. त्यामुळे नवशिका आणि मुरलेला खेळाडू एकाच सामन्यात खेळू शकतात.

भांडण पहिलं : सौदीचा पैसा

व्यावसायिक गोल्फमध्ये वर्षानुवर्षं अमेरिकेच्या पीजीए टूरचा दबदबा होता. तिथं स्पर्धा चार दिवसांची असते, ७२ होलची. पहिल्या दोन दिवसांत मागे पडलेल्या खेळाडूंना वगळलं जातं. याला कट म्हणतात. कटमध्ये गेलात तर बक्षिसाचा एक रुपयाही नाही. विमान, हॉटेल आणि कॅडीचा खर्च मात्र खिशातून. कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा आणि कुठला फटका कसा मारायचा याचा सल्ला देणारा सोबती.

जून २०२२ मध्ये लंडनजवळ एलआयव्ही गोल्फ ही नवी लीग सुरू झाली. पैसा सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीचा. सुरुवातीला सामने तीन दिवसांचे, ५४ होलचे होते. रोमन आकड्यांत ५४ म्हणजे एलआयव्ही, त्यावरूनच नाव पडलं. इथं कट नव्हता, म्हणजे शेवटच्या नंबरालाही पैसे. एका स्पर्धेची एकूण बक्षिसं अडीच कोटी डॉलर.

पीजीए टूरनं तिकडं गेलेल्यांना निलंबित केलं. प्रकरण कोर्टात गेलं. मानवाधिकारांबाबतची आपली बदनामी धुऊन काढायला सौदी राजवट खेळाचा वापर करते, असा आरोप झाला. आणि मग ६ जून २०२३ ला पीजीए टूर आणि सौदी निधीनं अचानक एकत्र येण्याचा करार जाहीर केला! ज्यांनी टूरशी इमान राखून कोट्यवधींच्या ऑफर नाकारल्या होत्या, ते खेळाडू तोंडात बोट घालून बघत राहिले. तो करारही पुढं ठरल्या वेळेत पूर्ण झाला नाही.

या भांडणात एक पुण्याचं नावही आहे. अनिर्बान लाहिरीचा जन्म १९८७ मध्ये पुण्यात झाला. मार्च २०२२ मध्ये पीजीए टूरच्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये तो दुसरा आला आणि त्याला सुमारे २२ लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो एलआयव्हीत गेला.

भांडण दुसरं : आपल्या घरातलं

भारतात व्यावसायिक गोल्फ पीजीटीआय ही संस्था चालवते. २०२४ पासून तिचे अध्यक्ष आहेत कपिल देव. २०२५ मध्ये इंडियन गोल्फ प्रीमियर लीग म्हणजे आयजीपीएल ही दुसरी लीग उभी राहिली, तिच्याशी युवराज सिंगचं नाव जोडलं गेलं. नव्या लीगमध्ये गेलेल्यांना पीजीटीआयनं आपल्या स्पर्धांची दारं बंद केली. एलआयव्हीच्या भांडणाचीच ही भारतीय आवृत्ती.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली, पृथ्वीराज मोहोळ जिंकला. त्याच वर्षी कर्जतला दुसऱ्या संघटनेची महाराष्ट्र केसरी झाली, वेताळ शेळके जिंकला. गदा दोन आणि संघटनाही दोन. मधल्या मध्ये पैलवानानं कुठल्या आखाड्यात उतरायचं, हा प्रश्न. गोल्फमध्येही तेच चाललंय, फक्त रकमेपुढची शून्यं जास्त आहेत.

भांडण तिसरं : प्रेक्षकांच्या शिव्या

रायडर कप ही अमेरिका विरुद्ध युरोप अशी दर दोन वर्षांनी होणारी सांघिक स्पर्धा. तिच्यात जिंकणाऱ्याला बक्षिसाची रक्कम नसते, मान असतो. पण २०२५ मध्ये अमेरिकेच्या प्रत्येक खेळाडूला पहिल्यांदाच पाच लाख डॉलर द्यायचं ठरलं. त्यातले तीन लाख दानधर्मासाठी, दोन लाख स्वतःसाठी. यावरूनच आधी वाद पेटला होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ बेथपेज इथं सामने सुरू झाले आणि प्रेक्षकांनी युरोपच्या रॉरी मॅकिलरॉयला लक्ष्य केलं. फटका मारायच्या क्षणी आरडाओरडा, घरच्यांवरून शिव्या. गर्दीतून फेकलेला पेयाचा ग्लास त्याच्या बायकोला लागला. कहर म्हणजे मैदानावरच्या सूत्रसंचालिकेनंच त्याच्या नावानं शिवीची घोषणा दिली. तिला माफी मागून बाजूला व्हावं लागलं. युरोपनं सामना १५-१३ असा जिंकला, पण चर्चा उरली ती गर्दीची.

तिकीट होतं सुमारे ७५० डॉलरचं. आणि हे सगळं झालं ते मैदान कुठलं होतं? सरकारी.

बेथपेज ब्लॅक : सरकारनं बांधलेलं कठीण मैदान

बेथपेज हे न्यूयॉर्क राज्याचं सार्वजनिक उद्यान आहे. तिथं पाच गोल्फ कोर्स आहेत, प्रत्येकाला रंगाचं नाव. त्यातला सगळ्यात अवघड तो ब्लॅक. १९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी होती आणि हातांना काम नव्हतं. सरकारनं बेरोजगारांना कामाला लावून हा कोर्स बांधून घेतला. आपल्याकडं दुष्काळात रोजगार हमीवर तलाव, रस्ते झाले, तसंच. १९३६ मध्ये ब्लॅक खुला झाला.

पहिल्या टीजवळ एक बोर्ड आहे. त्याचा अर्थ असा, की हा कोर्स अत्यंत अवघड आहे, फक्त निष्णात खेळाडूंनीच इथं खेळावं अशी आमची शिफारस आहे. शिफारस म्हणजे बंदी नव्हे. उलट लोक त्या बोर्डाशेजारी फोटो काढतात आणि खेळायला जातात.

इथं गाडी मिळत नाही, बॅग घेऊन चढ-उतार पायीच तुडवायचे. वाळूचे खड्डे माणूस दिसेनासा होईल एवढे खोल. २००२ मध्ये यूएस ओपन ही मोठी स्पर्धा इथं झाली तेव्हा जगातल्या सगळ्या खेळाडूंत एकट्या टायगर वूड्सचे फटके पारपेक्षा कमी होते, तेही फक्त तीनने.

आणि तरीही न्यूयॉर्क राज्याचा रहिवासी असलेला साधा माणूस शंभर डॉलरच्या आत इथं खेळू शकतो. बाहेरच्यांना जास्त पैसे पडतात. ज्यांना बुकिंग मिळत नाही ते रात्रीच गाडी घेऊन येतात, पार्किंगमध्ये झोपतात आणि पहाटे नंबर लावतात. वूड्स जिथं झगडला तिथंच प्लंबर, शिक्षक, ड्रायव्हर झगडतात.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स तर गोल्फची पंढरीच. तोही सार्वजनिक जमिनीवर आहे. खेळणाऱ्यांची नावं चिठ्ठ्या टाकून निघतात. रविवारी खेळ बंद असतो आणि गावकरी तिथं कुत्री घेऊन फिरायला येतात.

महाराष्ट्रात काय परिस्थिती?

आपल्याकडचे जुने कोर्स बहुतेक दोन प्रकारचे, एक खासगी क्लबांचे आणि दुसरे लष्कराचे. क्लबात शिरायला सदस्यत्व लागतं किंवा सदस्याची ओळख. लाहिरीचे वडील लष्करात डॉक्टर होते, त्यांच्याकडूनच तो लहानपणी खेळ शिकला. ज्याला मैदान मिळालं तो घडला.

ज्याला मैदान मिळत नाही, त्याच्यासाठी एक मागचं दार असतं, ते म्हणजे कॅडीचं काम. चेंबूरच्या गोल्फ क्लबात कॅडी म्हणून राबणाऱ्या पोरांनी शेजारच्या वस्तीत स्वतःचा गोल्फ सुरू केला होता. बांधकामाची सळई वाकवून क्लब, प्लॅस्टिकचा चेंडू आणि गल्लीबोळ हाच कोर्स. कोलकात्यात एसएसपी चौरसियाचे वडील क्लबच्या गवताची निगा राखायचे. तो कॅडी झाला, बघून बघून शिकला आणि २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकला. पण असे चौरसिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

सदस्य नसलेल्यांसाठी महाराष्ट्रात ठळक उदाहरण आहे नवी मुंबईतल्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सचं. सिडकोनं डोंगराच्या पायथ्याशी तो उभारला आणि २०१२ मध्ये अकरा होलवर सुरुवात केली. पुढं तो १८ होलचा करण्याचं काम हाती घेतलं. इथं पैसे भरून कुणालाही खेळता येतं. चढ-उतार, नाले आणि मुंबईकडचा पाऊस, त्यामुळे सोपा तर अजिबात नाही. नेसरीहून हे अंतर चारशे किलोमीटरपेक्षा जास्त आहे. कुणाला जायचंच असेल तर आधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. त्या दिवशी कोर्स खुला आहे का, क्लब भाड्यानं मिळतील का, आणि नवशिक्यांना थेट होलवर सोडतात की आधी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे नुसत्या फटक्यांच्या सरावाच्या जागेवर खेळावं लागतं.

मग गावोगावी गोल्फ कोर्स काढायचे का?

इथं दुसरी बाजू येते. १८ होलच्या कोर्सला साधारण १०० ते २०० एकर जमीन लागते आणि उन्हाळाभर पाणी. नवी मुंबईतच नेरूळला फ्लेमिंगो उतरतात त्या पाणथळ भागात गोल्फ कोर्स आणि घरं बांधायचा प्रकल्प होता. नागरिक न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यासाठी केलेला विकास आराखड्यातला बदल रद्द केला. सिडको त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. म्हणजे वरच्या मजल्यावर भांडण पैशाचं, आणि खालच्या मजल्यावर जमिनीचं.

म्हणून 'सार्वजनिक' या शब्दाला भुलून चालत नाही. जमीन सरकारी असली तरी दोन गोष्टी बघाव्या लागतात. ती आधी कशासाठी वापरात होती, आणि बांधून झाल्यावर आत कोण येऊ शकतो. बेथपेजची जमीन आज सगळ्यांना खुली आहे, म्हणूनच ती न्यूयॉर्ककरांना आपली वाटते. नेरूळला मात्र पक्ष्यांची जागा घेऊन त्यावर घरं विकायची होती.

कोल्हापूरला हा हिशेब जुनाच माहिती आहे. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, ते १९१२ मध्ये पूर्ण झालं. मधला हौद खोलगट आणि भोवती उतरती बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही कुस्ती नीट दिसते. संस्थानाचा पैसा, पण मैदान रयतेचं. तिथं उतरायला घराणं लागत नाही, अंगात रग लागते.

गोल्फच्या पुढच्या भांडणाचं रील समोर आलं, की कोण कुणाला काय बोललं याच्या पुढं जाऊन एक गोष्ट शोधायला हरकत नाही. ते मैदान कुणाचं आहे आणि सामना संपल्यावर सोमवारी तिथं कोण खेळणार आहे?