रोमन वाड्यातील दिनक्रम आणि भोकरदनचे हस्तिदंत

जालना : शहराचा इतिहास सांगताना बहुधा मस्तगडापासून सुरुवात केली जाते. निजामुल्मुल्क आसफजाह याच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये हा बालेकिल्ला बांधला. मात्र जिल्ह्यातील भोकरदनचे नाव त्याच्याही सुमारे साडेसोळाशे वर्षे आधीच्या एका रोमन घराशी जोडले जाते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इटलीतील पोम्पेई शहर राखेखाली गाडले गेले. तेथील एका घरात १९३८ मध्ये आमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला हस्तिदंताची वीतभर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. अंगभर दागिने, भरघोस केशरचना आणि दोन्ही बाजूंना प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या दासी असे तिचे रूप आहे.

'व्हिला' हा शब्द आपल्याकडे बंगल्यांच्या पाट्यांवर सर्रास दिसतो. रोमन लोकांचा व्हिला म्हणजे शहराबाहेरचा, बहुधा शेतीवाडीसह असलेला वाडा. शहरातील घराला ते 'दोमुस' म्हणत. मूर्ती सापडली ती अशा शहरी घरात. वाडा पाहिलेल्या मराठी माणसाला त्याची रचना परकी वाटणार नाही. रस्त्याच्या बाजूला जवळपास बंद भिंती, आत चौक आणि चौकावरचे छप्पर मधोमध उघडे. पागोळ्यांचे पाणी खालच्या उथळ हौदात पडे आणि तेथून जमिनीखालच्या टाक्यात साठे.

दिवस उजाडताच आश्रित मंडळी यजमानाच्या मुजऱ्याला हजर होत. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा तास मानले जात, त्यामुळे उन्हाळ्यातला तास हिवाळ्यातल्यापेक्षा मोठा असे. दुपारनंतर स्नान आणि मग दिवसाचे मुख्य जेवण. श्रीमंताघरी तीन बाजूंनी मांडलेल्या बैठकांवर डाव्या कोपरावर रेलून नऊ जण जेवत. पानात माशांच्या आंबवलेल्या रसाचे कालवण असे आणि ऐपत असल्यास मलबारची मिरी.

घरधनिणीची केशरचना करण्यासाठी स्वतंत्र दासी असे. आरसा काचेचा नव्हे, घासून चकचकीत केलेल्या कांशाचा किंवा चांदीचा. पोम्पेईच्या मूर्तीच्या डोक्यात वरून छिद्र आहे. त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या सामानाचा पाय असावी, असे तर्क मांडले गेले. शृंगाराच्या खोलीत शृंगाराचीच मूर्ती, हा मेळ पटण्यासारखा आहे.

हे सारे ज्यांच्या श्रमावर चाले, त्यांच्या राहणीचा पुरावा अलीकडे हाती आला. पोम्पेईबाहेर चिविता जुलियाना येथील व्हिलात २०२१ मध्ये गुलामांची एक खोली उघडकीस आली. अवघ्या १६ चौरस मीटर जागेत तीन लाकडी खाटा, त्यांतली एक जेमतेम १.४ मीटर लांबीची. ती बहुधा लहान मुलाची. उंचावर छोटी खिडकी, भिंतींवर ना रंग ना चित्र. उरल्या जागेत सामानाची अडगळ. इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातील कातो हा लेखक गुलामाला दोन वर्षांतून एकदा अंगरखा द्यावा असा सल्ला देतो आणि जुना परत घेऊन त्याची गोधडी शिवावी, हे बजावण्यास विसरत नाही.

भारतीय मालाची रोमन घरांना मोठी ओढ होती. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात बॅरिगाझा, म्हणजे भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचे नोंदले आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगर म्हणजे तेरहून कापड बंदरावर जाई. भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनीने केली आहे. हा प्लिनी व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मरण पावला.

केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भरहूत आणि सांचीच्या स्तूपांवर तेथील दात्यांची नावे कोरलेली आहेत. नागपूर व मराठवाडा विद्यापीठांतर्फे शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी १९७३ मध्ये येथे उत्खनन केले. त्यात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या खंडित भागाचे पोम्पेईच्या मूर्तीशी लक्षणीय साम्य आहे. तेरलाही याच घडणीची मूर्ती मिळाली. त्यामुळे पोम्पेईची मूर्ती दख्खनच्या कारागिरांनी घडवली असावी, असे काही अभ्यासक मानतात. मात्र तिच्यावर खरोष्ठी लिपीतील अक्षर असून ही लिपी वायव्य भारतातील. दख्खनमध्ये तेव्हा ब्राह्मी रूढ होती. तेव्हा ती भोकरदनचीच, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरेल. आरंभी चिकटलेले 'पोम्पेईची लक्ष्मी' हे नाव आजही चालते. पण लक्ष्मीची लक्षणे तिच्यात दिसत नसल्याने ती यक्षी असावी, असेच आता बहुतेक अभ्यासक म्हणतात. मूर्ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.